‘सॉल्टी’चा अर्थ : रुचिवाचक विशेषण, लक्षणा आणि परभाषेचे अध्ययन

परभाषा शिकणारा विद्यार्थी अवघड शब्दापाशी थांबतो, कोश उघडतो आणि अर्थ टिपून ठेवतो. सोपा शब्द मात्र तो न थांबता ओलांडून जातो, कारण तो आपल्याला येतो अशी त्याची खात्री असते. ‘सॉल्टी’ हे इंग्रजी विशेषण अशा सोप्या वाटणाऱ्या शब्दांपैकी आहे. त्याचा ‘खारट’ हा प्रतिशब्द शाळेतच पाठ झालेला असतो आणि पुढे त्याचा फेरविचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

असा एक प्रसंग कल्पावा. मराठी माध्यमातून आलेला एक पदव्युत्तर विद्यार्थी आपल्याला मिळालेल्या गुणांविषयी सकारण तक्रार करतो. त्यावर इंग्रजीत वावरणारा सहाध्यायी हसून म्हणतो, ‘डोन्ट बी सॉल्टी’. विद्यार्थ्याला वाक्यातील तिन्ही शब्द ठाऊक आहेत. वाक्याचा अर्थ मात्र त्याला लागत नाही. आपली तक्रार एका विशेषणाने निकालात काढली गेली, हेही त्याच्या लक्षात येत नाही. त्याच्या अज्ञानाची किंमत शब्दसंग्रहातील एका उणिवेपेक्षा अधिक आहे. आपल्याशी कोणता व्यवहार झाला हेच त्याला कळलेले नाही.

रुचिवाचक विशेषणाचा वाच्यार्थ आणि त्याचा बोलीतील लक्ष्यार्थ यांत नेमके कोणते नाते असते, आणि ते नाते परभाषेच्या अभ्यासकाने कसे आत्मसात करावे, या प्रश्नाचा विचार ‘सॉल्टी’ या एका शब्दाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

१. वाच्यार्थाची निश्चिती

लक्ष्यार्थाकडे जाण्यापूर्वी वाच्यार्थ तरी स्थिर आहे काय, हे पाहावयास हवे. इंग्रजीत ‘सॉल्टी’ हे विशेषण समुद्राच्या पाण्याला लागते, मीठ लावून भाजलेल्या दाण्यांना लागते आणि मीठ जास्त पडलेल्या आमटीलाही लागते. मराठी या तीन ठिकाणी एकच शब्द वापरीत नाही. समुद्राचे पाणी ‘खारे’ असते, दाणे ‘खारे’ किंवा ‘खारवलेले’ असतात, आमटी मात्र ‘खारट’ होते. ‘खारा’ हे वस्तूच्या जातीचे किंवा प्रकाराचे वर्णन आहे. ‘खारट’ या शब्दात बहुधा तक्रारीचा सूर असतो. विहिरीच्या किंचित खारट, बेचव पाण्यासाठी ‘मचूळ’ हा आणखी वेगळा शब्द आहे. ‘सॉल्टी म्हणजे खारट’ हे समीकरण वाच्यार्थाच्या पातळीवरच अपुरे ठरते ते यामुळे.

रुचिवाचक शब्द स्थलकालानुसार आपली जागा बदलतात, याची उदाहरणे भारतीय भाषांत पुष्कळ आहेत. आयुर्वेदातील षड्रसांत ‘कटु’ हा मिरीसारखा झोंबणारा रस आहे आणि ‘तिक्त’ हा कडुनिंबासारखा रस आहे. त्याच ‘कटु’पासून आलेला मराठी ‘कडू’ शब्द मात्र कडुनिंबाची चव सांगतो. संस्कृत ‘क्षार’ या शब्दाशी जोडलेला ‘खारा’ मराठीत मिठाकडे राहिला. कन्नडमध्ये ‘खार’ म्हणजे तिखट. सीमाभागातील द्विभाषिक घरांत ‘खार’ हा उच्चार भाषा बदलताच चव बदलतो. याहून लक्षणीय उदाहरण ‘मीठ’ या शब्दाचेच आहे. हा शब्द संस्कृत ‘मृष्ट’, ‘मिष्ट’ या रूपांशी जोडला जातो. हिंदीत त्याच कुळातील ‘मीठा’ म्हणजे गोड, गुजरातीत ‘मीठुं’ हा शब्द गोड आणि मीठ या दोन्ही अर्थांनी चालतो, आणि मराठीत ‘मीठ’ म्हणजे केवळ लवण. स्वयंपाकघरातील जिन्नस तोच राहतो, पण त्याला दिलेली नावे अशी एका चवीवरून दुसऱ्या चवीवर सरकतात. वाच्यार्थच इतका चंचल असेल, तर लक्ष्यार्थ सर्व भाषांत एकाच दिशेने जाईल अशी अपेक्षा ठेवणे सयुक्तिक ठरत नाही.

२. ‘सॉल्टी’च्या लक्ष्यार्थाच्या वाटा

इंग्रजीतील ‘सॉल्टी’ हे विशेषण पंधराव्या शतकापासून आढळते. त्याच्या आलंकारिक अर्थांच्या तीन वाटा ढोबळमानाने वेगळ्या करता येतात.

पहिली वाट समुद्राची आहे. एकोणिसाव्या शतकात ‘सॉल्ट’ किंवा ‘ओल्ड सॉल्ट’ हा शब्द मुरलेल्या खलाशासाठी रूढ झाला. आयुष्य समुद्रावर घालवलेल्या माणसाच्या अंगात समुद्राचे मीठ मुरलेले असते, ही त्यामागील कल्पना. त्याला जोडून ‘सॉल्टी’ या विशेषणाला अनुभवी, कणखर, दर्यावर्दी वळणाचा असा अर्थ आला.

दुसरी वाट भाषेच्या रुचीची आहे. मिठाने अन्नाला चव येते, तशी तिखट, रांगड्या, क्वचित अश्लीलतेकडे झुकणाऱ्या बोलण्याने संभाषणाला चव येते. ‘सॉल्टी लँग्वेज’ म्हणजे शिवराळ किंवा मोकळीढाकळी भाषा. खलाशांच्या बोलण्याची ख्याती लक्षात घेता या दोन वाटा एकमेकींच्या जवळून जातात हे उघड आहे.

तिसरी वाट रागाची आहे, आणि आजच्या तरुणांच्या बोलीत तीच सर्वांत वर्दळीची आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत १९३०च्या दशकात ‘सॉल्टी’ म्हणजे चिडलेला, आणि ‘जंप सॉल्टी’ म्हणजे एकाएकी भडकणे, असे प्रयोग प्रचारात होते. जॅझ गायक आणि वाद्यवृंदप्रमुख कॅब कॅलोवे याने या बोलीचा एक छोटा कोश १९३८पासून प्रसिद्ध केला. त्याच्या आवृत्त्यांत ‘सॉल्टी’ची नोंद रागावलेला, चिडखोर अशा अर्थाने मिळते. संगीतकारांच्या वर्तुळातील हा शब्द एकविसाव्या शतकात व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या बोलीत विशेष फोफावला. तेथे त्याच्या अर्थाला नेमकी धार आली. हरल्यानंतर कुरकुरणारा, पराभव मनाला लावून घेणारा तो ‘सॉल्टी’. तेथून तो शब्द सर्वसामान्य तरुण बोलीत पसरला.

या तीन अर्थांत गोंधळ का होत नाही, याचे उत्तर वाक्यरचनेत आहे. विशेष्य खाद्यपदार्थ असेल तर चव, भाषा किंवा विनोद असेल तर रांगडेपणा, खलाशी असेल तर मुरलेपणा, आणि इतर कोणी माणूस असेल तर चिडलेपण, असे हे सामान्यतः वाटप आहे. चिडलेपणाच्या अर्थी हे विशेषण नामापूर्वी येण्यापेक्षा विधेयाच्या जागी येणे अधिक पसंत करते, आणि पुष्कळदा ‘अबाउट’ या अव्ययाने चिडण्याचा विषय जोडून घेते. ‘ही इज सॉल्टी अबाउट द रिझल्ट’ या वाक्यात चव शोधण्याचे इंग्रजी भाषकाला कारणच उरत नाही.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हीच प्रक्रिया नेटकेपणाने मांडता येते. मम्मटाने लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी लक्ष्यार्थाचा संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. माणसाला कोणी चाखून पाहत नाही, म्हणून ‘सॉल्टी’ हे विशेषण माणसाला लागताच मुख्यार्थाचा बाध होतो. जिभेला झोंबणारी चव आणि मनाला झोंबलेला प्रसंग यांत सादृश्याचा संबंध कल्पिता येतो. पण लक्षणेचा हा विशिष्ट लक्ष्यार्थ कोणत्या आधारावर ठरला, या प्रश्नाचे उत्तर ‘रूढी’ हेच द्यावे लागते. परकीय अभ्यासक पहिल्या दोन पायऱ्या स्वतःच्या बुद्धीने चढू शकतो. तिसरी पायरी त्याला कोणीतरी दाखवावी लागते.

३. एकच लवण, चार दिशा

रूढीचा हा वाटा किती मोठा आहे, हे चार भाषांतील मीठ शेजारी ठेवून पाहिले की ध्यानात येते.

लॅटिनमध्ये ‘साल’ या शब्दाचा अर्थ मीठ, आणि त्याचाच दुसरा अर्थ विनोदबुद्धी, बोलण्यातील मार्मिकता. संस्कृतात ‘लवण’पासून ‘लावण्य’ झाले. खारेपणाचा वाचक शब्द सौंदर्याचा वाचक बनला. मराठीत मीठ निष्ठेकडे गेले. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ या वाक्प्रचारात मीठ हे अन्नदात्याच्या उपकाराचे प्रतिनिधी आहे, आणि त्याच संकेताची उलटी बाजू ‘नमकहराम’ या शब्दात दिसते. अमेरिकन बोलीतील मीठ चिडीकडे गेले. विनोद, सौंदर्य, निष्ठा आणि चीड या चार गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. चारांच्याही मुळाशी जिभेवरचा एकच अनुभव आहे.

यांपैकी प्रत्येक दिशा मागाहून पाहता समजण्याजोगी असते. मिठावाचून अन्न अळणी लागते, तसे चमक नसलेले रूप फिके वाटते, म्हणून लावण्य. परक्याच्या घरचे अन्न पोटात गेले म्हणून निष्ठा. जखमेवर मीठ झोंबते म्हणून चीड. स्पष्टीकरण मागाहून देता येते, पण भाकीत आधी करता येत नाही. ‘लवण’ हा शब्द ठाऊक असलेल्या, पण ‘लावण्य’ कधीही न ऐकलेल्या माणसाने त्याचा अर्थ ‘सौंदर्य’ असेल असे स्वतः होऊन सांगितले नसते.

या संदर्भात आनंदवर्धनाचे एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या ‘ध्वन्यालोका’च्या पहिल्या उद्योतात तो ‘लावण्य’ या शब्दाचाच दाखला देतो. असे शब्द आपला मूळ विषय सोडून दुसऱ्या विषयात रूढ झालेले असतात, आणि म्हणून त्यांच्या ठिकाणी ध्वनी मानता येत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. सौंदर्याला लावण्य म्हणताना वक्त्याच्या मनात मीठ नसते आणि श्रोत्याच्याही मनात ते उमटत नाही. रूढ झालेली लक्षणा व्यवहारात वाच्यार्थासारखीच वागते. ‘सॉल्टी’ म्हणणाऱ्या अमेरिकन तरुणाच्या जिभेवरही मीठ नसते. मराठी अभ्यासकाला मात्र ते जाणवते, कारण त्याने शब्दाकडे जाण्याची वाट चवीवरून काढलेली असते. मातृभाषक ज्या ठिकाणी थेट पोहोचतो, तेथे परभाषक प्रतिमेला वळसा घालून पोहोचतो. परभाषेत बोलताना सोप्या शब्दालाही जो क्षणभर उशीर होतो, त्याचे एक कारण या वळशात आहे.

४. ‘खार खाणे’ : एक फसवे साम्य

मराठी अभ्यासकाच्या वाटेवर याच ठिकाणी एक मोहाचे वळण येते. ‘सॉल्टी’चा चिडीचा अर्थ कळताच त्याला ‘एखाद्यावर खार खाऊन असणे’ हा मराठी वाक्प्रचार आठवतो. तेथेही खार आहे आणि तेथेही राग आहे. दोन दूरच्या भाषा एकाच प्रतिमेवर आल्या, असे समाधान त्याला लाभते. वर्गात सांगण्यासही हे उदाहरण आकर्षक आहे.

या वाक्प्रचारातील ‘खार’ मात्र मिठाचा नाही. फार्सीत ‘खार’ म्हणजे काटा. हिंदुस्थानीतील ‘खार खाना’ या प्रयोगात मनात सलणाऱ्या काट्याची, म्हणजे द्वेषाची कल्पना आहे, आणि तोच प्रयोग मराठीत आला. मराठीत ‘क्षार’वरून आलेला ‘खार’ आधीपासूनच नांदत होता. दोन भिन्न कुळींचे शब्द उच्चाराने एक झाले आणि मराठी भाषकाच्या कानाने काट्याला मीठ मानले. असे ग्रह भाषेच्या व्यवहारात नेहमीच होतात आणि त्यांत गैर काही नाही. परभाषेचा अर्थ ठरविताना मात्र असा ग्रह आधार म्हणून वापरता येत नाही.

व्युत्पत्ती बाजूला ठेवली तरी दोन प्रयोगांच्या अर्थांत पडणारे अंतर शिल्लक राहते. ‘खार खाऊन असणे’ ही दीर्घकाळची स्थिती आहे. तिच्यात वैर आहे, वाट पाहणे आहे, सूड घेण्याची शक्यता आहे. ‘सॉल्टी’ असणे हा बहुधा घटकाभराचा रुसवा असतो. पहिल्या प्रयोगात भीतीचा अंश आहे, दुसऱ्यात थट्टेचा. एखाद्या इंग्रजी संवादात खेळात हरलेल्या मित्राविषयी दुसरा मित्र ‘ही इज जस्ट सॉल्टी’ असे म्हणतो, आणि अनुवादक ‘तो खार खाऊन आहे’ असे लिहितो, तेव्हा वाचकापुढे दोन मित्रांऐवजी दोन वैरी उभे राहतात. ‘तो खारट झाला आहे’ असे लिहिणारा अनुवादक निदान वाचकाला अडवतो, आणि अडलेला वाचक शंका तरी घेतो. ‘खार खाऊन आहे’ हे वाक्य मराठीत इतके सहज बसते की शंकेला जागाच राहत नाही. त्या दृष्टीने पाहता पहिल्या चुकीपेक्षा दुसरी अधिक घातक आहे.

मग मराठीत या शब्दाच्या जवळ कोणता प्रयोग जातो? ‘हिरमुसणे’मध्ये दुःख आहे, पण कुरकुर नाही. ‘रुसणे’मध्ये मनधरणीची अपेक्षा आहे. ‘पोटात दुखणे’मध्ये मत्सर प्रमुख आहे. दुसऱ्याच्या बोलण्याने किंवा स्वतःच्या फजितीने डिवचले जाणे, ते चेहऱ्यावर दिसणे, आणि पाहणाऱ्याला त्याची गंमत वाटणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आणणारा मराठी प्रयोग ‘नाकाला मिरच्या झोंबणे’ हा आहे. येथेही रुचीचाच अनुभव आहे, पण जिन्नस वेगळा आहे. मिरची पोर्तुगीजांच्या मार्फत अमेरिका खंडातून भारतात आली. अर्थात हा वाक्प्रचार फार तर गेल्या चार-पाच शतकांतलाच. पाहुणी म्हणून आलेल्या मिरचीने मराठी मनातील चिडीची जागा इतकी व्यापली, की इंग्रजी मिठाचे भाषांतर मराठीत मिरचीने करावे लागते.

५. शब्द कोणाच्या तोंडी, कोणाविषयी

अर्थ कळला, प्रतिशब्द सापडला, तरी अध्ययन पूर्ण होत नाही. ‘मी खिन्न आहे’ हे वाक्य वक्ता स्वतःविषयी स्वाभाविकपणे बोलतो. ‘सॉल्टी’ हा शब्द मुख्यतः दुसऱ्याने दुसऱ्याला लावावयाचा आहे. स्वतःला लावला तर तो स्वतःचीच थट्टा करण्यासाठी किंवा ‘मी चिडलेलो नाही’ असा नकार देण्यासाठी. तो केवळ मनःस्थितीचे वर्णन करीत नाही, त्या मनःस्थितीचे मूल्यमापनही करतो. ज्याला ‘सॉल्टी’ म्हटले त्याची चीड क्षुल्लक आहे, पराभव न पचल्यामुळे आलेली आहे, असा निवाडा त्या शब्दातच असतो.

हा निवाडा नेहमी न्याय्य असतोच असे नाही. खेळात हरलेल्या मित्राला तो शब्द शोभून दिसतो. अन्यायाची तक्रार करणाऱ्याला तोच शब्द लावला की तक्रारीचा आशय बाजूला पडतो आणि तक्रार करणाऱ्याचा स्वभाव पुढे येतो. आरंभी कल्पिलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडले. गुण योग्य रीतीने दिले गेले की नाही हा प्रश्न होता. उत्तर मिळाले ते त्याच्या मनाच्या चवीविषयी. मराठीतही ‘तुला मिरच्या का झोंबल्या?’ या प्रश्नाने हेच साधले जाते, आणि कोणत्याही मराठी भाषकाला त्यातील डाव तत्काळ कळतो. तो प्रश्न ऐकणारा गप्प बसत नाही. ‘मिरच्या झोंबण्याचा प्रश्न नाही, मुद्द्याचे बोला’ असे तो सांगू शकतो. परभाषेत हे सामर्थ्य येण्यासाठी शब्दाचा अर्थ आणि शब्दाने साधलेले कार्य, दोन्ही ठाऊक असावे लागतात.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘सॉल्टी’चा चिडीचा अर्थ नसणे स्वाभाविक होते, कारण तो अर्थच पुढच्या शतकातला. आजच्या द्विभाषिक कोशकाराला ही सवलत नाही. त्याच्या नोंदीत निदान चार गोष्टी असाव्यात : विशेषण कोणत्या प्रकारच्या विशेष्याला लागले असता कोणता अर्थ निघतो, ते नामापूर्वी येते की विधेयात, भाषाव्यवहाराच्या कोणत्या स्तरावर ते चालते, आणि ते स्वतःविषयी वापरतात की दुसऱ्याविषयी. यांपैकी चौथी गोष्ट नोंदीत फार क्वचित येते, आणि अडचण बहुधा तिच्याच ठिकाणी होते.

अध्यापकाच्या दृष्टीने ओळख आणि उपयोग यांत भेद करणे हिताचे आहे. बोलीतील शब्द विद्यार्थ्याने लगेच वापरू लागावा, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. स्तर चुकला तर तो वापरणाराच हास्यास्पद ठरतो. अर्जात, निबंधात किंवा ज्येष्ठांपुढे ‘सॉल्टी’ला स्थान नाही. मात्र तो शब्द कानावर पडताच ओळखता येणे ही गरज आहे. ‘ही बोली आहे, ती शिकवावयाची नसते’ असे म्हणून वर्गाबाहेर ठेवलेला शब्द विद्यार्थ्याला वर्गाबाहेरच भेटतो, आणि तेथे त्याच्यासोबत अध्यापक नसतो.

मराठीच्या वर्गात या अभ्यासाला आणखी एक उपयोग आहे. ‘अळणी’, ‘आंबटशौकीन’, ‘कडवट’, ‘तिखटमीठ लावून सांगणे’, ‘मिठाचा खडा पडणे’ हे प्रयोग मराठी विद्यार्थी लहानपणापासून जाणतो, म्हणून त्यांतील रूढी त्याला दिसत नाही. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला मात्र ‘आंबटशौकीन’ माणसाला कैऱ्या आवडत असाव्यात असेच वाटेल. ‘सॉल्टी’पाशी स्वतः अडलेल्या विद्यार्थ्याला हा परभाषक चटकन समजतो, आणि त्याच्या निमित्ताने स्वतःच्या भाषेतील लक्षणा त्याला प्रथमच दिसू लागते. काव्यशास्त्राच्या तासाला मुख्यार्थबाधाचे लक्षण पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या लक्षणाचा असा प्रत्यय दुसरीकडे सहजी मिळत नाही.

चवीचे शब्द सर्व माणसांना सारखेच कळावेत, कारण जीभ सर्वांची सारखी आहे, असा एक समज असतो. तो समज चवीपुरता खरा आहे. चवीवरून मनाकडे जाणारा रस्ता मात्र प्रत्येक भाषेने आपापला बांधलेला आहे, आणि तो त्या भाषेच्या माणसांना विचारूनच कळतो.